नडगीची गादी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कुंभारी येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणिसांनी मजकडे व्याख्यानाचा विषय मागितला तेव्हा मी एका चिठ्ठीवर ‘नडगीची गादी’ एवढेच लिहून दिले. छापून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे ‘नडगी येथील गादी’ असे झालेले आपण पाहिलेच असेल. नडगी हे क्षेत्र कोणत्या तालुक्यात येते व तेथील गादीवर सांप्रत कोणते महाराज आहेत, असे आज सकाळपासून मला दोघांनी विचारले. त्यांची निराशा होणार आहे. गुडघ्याखाली आणि घोट्याच्या वर जे हाड असते, ज्यास खाटेचा पाय लागला असता डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तीच ही नडगी. आणि झाडावर चढणाऱ्या माणसाच्या नडगीला लोखंडाचा काच होऊ नये म्हणून मध्ये जे काही मऊ घालावयाचे, तीच ही गादी.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपला गौड समाज हा मूळचा चढणाऱ्यांचा समाज आहे. तेलंगणातून आपले पूर्वज सोलापुरास आले तेव्हा त्यांनी सोबत आणलेली विद्या हीच. तिकडे ताड होता, इकडे ओढ्याकाठी शिंदी होती. झाड आणि माणसाची कंबर या दोहोंभोवती फिरणारा तो दोर, ज्याला आपल्या तेलुगू बोलीत मोकू म्हणतात, तो घेऊन आपले आजे-पणजे पहाटेच्या अंधारात निघत. आज या व्यासपीठावर सर्वाई पापन्ना यांच्या प्रतिमेस हार घातला आहे, आणि तो यथायोग्यच आहे. ताडी काढणाऱ्यांच्या घरात जन्मून ज्याने मोगलांच्या सत्तेस आव्हान दिले व १७०८ साली वरंगळवर हल्ला चढविला, त्या पुरुषाचा अभिमान कोणास वाटणार नाही? पण त्याच्या जातीच्या साध्या माणसांचे पाय कसे होते, हे मात्र आपण कधी कोणास सांगत नाही. मी माझ्याच घरचे सांगतो.

मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सर्व राज्यात पूर्ण दारूबंदी आली. सोलापूर तेव्हा त्याच राज्यात होते. माझ्या आजोबांचा धंदा तेथे संपला. माझे वडील त्या वेळी विशीत होते. ते शिंदीवरून उतरले आणि गिरणीत शिरले. माझा जन्म त्यानंतरचा. लहानपणी रात्री वडिलांचे पाय चेपण्याचे काम मजकडे असे, आणि चेपताना दोन्ही नडग्यांच्या आतल्या अंगास माझ्या बोटांना काहीतरी जाड, खरखरीत, निबर असे लागे. हे काय, असे विचारले की ते म्हणत, “गिरणीत लागलं होतं.” गिरणीत दोन्ही पायांना अगदी एकाच जागी कसे लागले असेल, हा प्रश्न मला मी स्वतः शिक्षक होऊन मुलांच्या थापा पकडू लागेपर्यंत पडला नाही. वडील धोतर नेहमी घोट्यापर्यंत सोडून नेसत. त्याचेही कारण पुढे आत्याने सांगितले. ते घट्टे झाडाचे होते.

आता सांप्रतच्या काळाकडे येतो. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा बारावीपर्यंत शिकला, काही वर्षे एका कारखान्यात होता, तेथील काम सुटले. आता तो सोलापुरात व आपल्या या कुंभारीच्या परिसरात घरोघरचे नारळ उतरवितो, वाळलेल्या झावळ्या काढतो, आणि घरावर पडू पाहणारी वाळकी झाडे शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवून देतो. आपल्या गावाभोवती वस्ती केवढी वाढली आहे! विडी कामगारांची दहा हजार घरे २००६ साली झाली, नंतर रे नगरची पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत लोकांच्या ताब्यात आली. जेथे घर तेथे अंगणात एखादे झाड, आणि जेथे झाड तेथे कधी ना कधी चढणारा लागतोच. मुलाला काम मिळते. गेल्या वर्षीच्या संमेलनात एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूस घेऊन विचारले, “गुरुजी, शिकलेलं पोर पुन्हा झाडावर?” मी त्या वेळी काही बोललो नाही; कारण त्या क्षणी माझ्या मनात वडिलांचे धोतर होते.

या मुलाने गेल्या पावसाळ्याअगोदर पायाला बांधावयाचे लोखंडी काटे मागविले. आपणांपैकी बहुतेकांनी ते पाहिले नसतील. एक लोखंडी दांडी पायाच्या आतल्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाते. खाली ती घोड्याच्या रिकिबीसारखी वळून बुटाच्या तळव्याखालून जाते. घोट्याच्या जरा खाली, आतल्या अंगास, एक तीक्ष्ण काटा तिरपा खाली तोंड करून बसविलेला असतो. वर पोटरीशी एक आणि खाली घोट्याशी एक असे दोन पट्टे. माणूस पाय आपटतो, काटा लाकडात रुततो, त्यावर उभा राहून दुसरा पाय वर घेतो. परदेशांत लाकूडतोडे आणि तारायंत्राच्या लाकडी खांबांवर चढणारे कामगार यांनी हे साधन रूढ केले. साधन चांगले आहे. पण माणसाचा सगळा भार त्या दांडीतून जातो, आणि चढणारा झाडापासून मागे रेलला म्हणजे दांडीचे वरचे टोक नेमके नडगीत घुसते.

पहिल्याच दिवशी तो एका वाळक्या निलगिरीवर चढला आणि वीस मिनिटांत खाली आला. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्याने पँट वर केली. दोन्ही नडग्या आतल्या अंगास काळ्यानिळ्या पडल्या होत्या. ती जागा मी ओळखली. “काका,” तो म्हणाला, “याला एखादी चांगली गादी शोधून द्या. तुम्हांला तेवढा वेळ आहे.” निवृत्त माणसाच्या वेळेचा हिशेब घरातील सर्वांस ठाऊक असतो.

परदेशी बनावटीच्या तयार गाद्या मिळतात, परंतु त्यांची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी. शिवाय त्या जाड पोटरीच्या माणसांसाठी बेतलेल्या. म्हणून आम्ही घरीच प्रयोग आरंभिले.

पहिला मान सोलापूरच्या टॉवेलास. आपल्या गावच्या टॉवेलाचा मला अभिमान आहे, पण नडगीवर तो उपयोगाचा नाही. चार घड्या करून बांधला तर अर्ध्या तासात घामाने भिजतो, घडी गोळा होऊन खाली सरकते, आणि भिजलेल्या कापडाची सुरकुती कातडीला लोखंडाहून अधिक सोलते. दुसरा प्रयोग चपलेच्या रबरी स्पंजाचा. हाताने दाबून पाहता अत्यंत मऊ. पण सतत भाराखाली तो चपटा होतो, वारा लागू देत नाही, आणि आतली कातडी पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी पांढरी व लिबलिबीत होते. मग मी, म्हणजे ज्याने उभा जन्म मुलांना भूमिती शिकविली त्या मी, असा विचार केला की एक थर चपटा होतो तर तीन थर घालावे.

ही माझी चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीन थरांची जाड गादी घालून तो वर गेला. पायास काही दुखेना, तो आनंदला. पण गादी इतकी जाड झाली की पाय आणि दांडी यांचा एकजीव राहिला नाही. काटा लाकडात रुतलेला आणि पाय मात्र त्यावर डोलतो आहे, अशी स्थिती झाली. सुमारे पंधरा फुटांवर दांडी कलली, काटा निसटला, आणि मुलगा झाडाला घासत चार फूट खाली आला. कमरेचा दोर झाडाभोवती होता म्हणून तेथेच थांबला. छाती आणि हात सोलवटले, एवढ्यावर निभावले. मी खाली उभा होतो. तो दोर त्याने माझ्या सांगण्यावरून बांधला नव्हता. आत्याच्या धाकाने बांधला होता.

त्यानंतर भीतीपोटी त्याने वरचा पट्टा करकचून आवळण्यास प्रारंभ केला. दोन दिवसांनी त्याच्या उजव्या पावलाचा वरचा भाग बधिर झाला आणि चालताना चवडा नीट उचलेना. मी त्याला आपल्या कुंभारीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते मी आपणां सर्वांना मुद्दाम सांगतो. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूस बोटाने चाचपले असता एक हाडाचा गोळा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून, अगदी कातडीच्या खालून, एक मज्जातंतू पावलाकडे जातो. चवडा वर उचलण्याची शक्ती त्याच्या हाती. त्यावर पट्टा घट्ट दाबून राहिला तर पाऊल लुळे पडू शकते. आमच्या सुदैवाने दाब थोड्या दिवसांचाच होता. तीन आठवड्यांत पाऊल पूर्ववत झाले. म्हणून वरचा पट्टा त्या गोळ्यापासून चांगला खाली असला पाहिजे, आणि त्याच्या आत एक बोट सरकेल इतका तो सैल असला पाहिजे. त्याच डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. नडगीच्या आतल्या अंगास हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसच नसते. आणि हाडावर जे पातळ आवरण असते ते वेदनेच्या बाबतीत फार हळवे असते. म्हणजे निसर्गाने जेथे गादी दिली नाही, नेमक्या तेथेच लोखंड टेकत होते.

यापुढील शोध मी पायी केला. प्रथम आमच्या ओळखीच्या एका वृद्ध चर्मकार कारागिरांकडे गेलो. त्यांनी काटे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, कातडं आत घालू नका की ओ. कातडं बाहेरून पाहिजे. आत घातलं तर घामानं भिजंल, वाळंल, आन् वाळलं की लाकूड होतंय.” बाभळीच्या सालीने कमावलेले जाड चामडे त्यांनी काढून दाखविले. मोटेच्या काळात असले चामडे तेल पाजून वर्षानुवर्षे पाण्यात टिकत असे, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. लोखंडाच्या बाजूस असे चामडे असावे, जेणेकरून दांडीचा भार एका रेघेवर न पडता सगळ्या पाठीवर पसरेल. कातडीच्या बाजूस मात्र काही निराळे हवे. ते निराळे काय, हे त्यांसही सुचेना.

ते सुचविले एका टांगेवाल्याने. हे गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत. टांगा सोडून त्यांना कित्येक वर्षे झाली, पण घोड्याचे नाव काढताच उठून बसतात. मी त्यांस विचारले, घोड्याच्या पाठीस जखम होऊ नये म्हणून खोगीर किती जाड भरीत? ते हसले. “मास्तर, जाड भरून घोडं वाचतंय होय? जखम पातळ खोगिरानं होत नाही. हललेल्या खोगिरानं होती, आन् हाडावर टेकलेल्या खोगिरानं होती.” मग त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांशेजारी, मध्ये बोटभर फट ठेवून, माझ्या पुढे धरले. घोड्याच्या कण्यावर खोगिराने कधी टेकावयाचे नसते. कण्याच्या दोन्ही अंगांस, जेथे मांस आहे तेथे, दोन उशा. मध्ये पन्हळ मोकळी. दुखते तेथे भरावयाचे नाही, दुखत्याच्या बाजूंना भरावयाचे.

खोगीरभरती हा शब्द मी चाळीस वर्षे मुलांच्या निबंधांच्या समासात तांबड्या शाईने लिहीत आलो, आणि खोगीर कसे भरतात हे मला त्या दिवशी कळले.

मी घरी येऊन कागदावर पाय काढला. नडगीचे हाड जेथून जाते तेथे उभी पन्हळ मोकळी ठेवली. पुढच्या बाजूस एक अरुंद उशी आणि मागे, पोटरीच्या मांसावर, एक रुंद व जरा जाड उशी. भार मागच्या मांसल भागावर जावा हा हेतू. आत भरावयास काय? येथे आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरून जुनी घोंगडी काढली. लोकर ही मोठी गुणी वस्तू आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल शोषून घेऊनही ती ओली लागत नाही, आणि दाबली तरी रबराप्रमाणे मरून न पडता पुन्हा फुगते. मात्र नवी घोंगडी चालत नाही; तिला चिंचोक्याची खळ असते, ती कडक व टोचरी. पाचदहा वर्षे वापरून, धुऊन, मऊ पडलेली हवी. तिचे चार थर आतल्या बाजूस, वर सुती कापडाचे अस्तर, लोखंडाच्या बाजूस एरंडेल चोळलेले चामडे. सर्व मिळून जाडी अर्ध्या इंचाच्या वर जाऊ दिली नाही, कारण जाडीचा धडा एकदा मिळाला होता. उंची सात इंच. शिवण कोठे घ्यावी याचा मी विचारच केला नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, “पोराच्या हाडावर शिवणीची गाठ आणताय? लंगोटाची शिवणसुद्धा बाहेरून घेतात.” शिवणी बाहेर गेल्या. अस्तर दोन बंदांनी बांधलेले ठेवले, म्हणजे रोज सोडून धुता येते.

ही गादी घालून तो चढला. पुष्कळ आराम पडला. परंतु पूर्ण नाही. दांडीचे टोक अजूनही वरच्या कडेला टोचत होते. तेव्हा मी प्रथमच त्या दांडीकडे नीट पाहिले. ती दोन तुकड्यांची असून मध्ये छिद्रे आणि स्क्रू आहेत, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. आली तशी ती उंच माणसाच्या मापावर लावलेली होती. आमच्या मुलाच्या गुडघ्याच्या सांध्यापाशीच तिचे टोक जात होते. दोन स्क्रू काढून ती इंचभर आखूड केली, टोक गुडघ्याखाली तीन बोटे आले, आणि उरलेले दुखणे थांबले. दीड महिना मी गादी शोधीत सोलापूरभर हिंडलो, आणि त्यातील अर्धे दुखणे दोन स्क्रूंत होते! तीच गोष्ट बुटाची. कॅनव्हासच्या बुटात रिकीब तळव्याच्या कमानीत रुतते आणि माणूस ती वेदना टाळण्यासाठी पाय वाकडा टाकतो, की पुन्हा नडगीवर भार. कडक तळाचा, टाच असलेला बूट घेतल्यावर रिकीब टाचेच्या पुढे अडून जागच्या जागी राहते.

येथे माझे व्याख्यान संपावयास हरकत नव्हती. पण आमची आत्या अद्याप हयात आहे.

एके दिवशी मुलगा गादी-काटे बांधून शेजारच्या अंगणातील हिरव्यागार माडावर चढला. पाय दुखत नसल्यामुळे मोठ्या उत्साहाने चढला. आत्या काठी टेकीत तेथे गेली, खोडावरील ती भोके तिने बोटाने चाचपली, आणि तो उतरल्यावर म्हणाली, “तुझ्या पणज्यानं जन्मभर मोकू वापरला. पायाची सालं निघाली त्याच्या, झाडाची नाही काढली.” मुलगा मजकडे पाहू लागला. मी आत्याचे बोलणे भावनेचे समजून सोडून देणार होतो. पण मग वाचून, विचारून पाहिले, आणि म्हातारीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे असे आढळले. आंबा, चिंच, लिंब यांच्या सालीखाली एक जिवंत थर असतो. तो वर्षावर्षाला नवे लाकूड व नवी साल करतो आणि जखमेच्या कडेने वाढून ती झाकून घेतो. ताड, माड, शिंदी यांच्या खोडात असा थर नसतो. त्यांची जखम कधीच भरून येत नाही. शिंदीच्या रसासाठी दरसाल आलटून-पालटून दोन बाजूंस घेतलेले काप झाडाच्या अंगावर नागमोडी चढत गेलेले दिसतात, आणि ते मोजून झाड किती हंगाम काढले ते सांगता येते. कारण प्रत्येक काप जन्माचा असतो. माडाच्या अशाच उघड्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि मालकास पत्ता लागेपर्यंत झाड हातचे गेलेले असते. कोकणात व गोव्यात माडाच्या खोडावर चढण्यासाठी पायाच्या खाचा पाडण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे, तीही या दृष्टीने निर्दोष नाही. पण खाच एकदाच पाडतात, काटे दर खेपेस नवी भोके पाडतात. आंब्या-लिंबाची जखम भरते म्हणून तेथे काटे चालतील असेही नाही. ज्या देशांत हे काटे निघाले, तेथील जाणते लोकही जिवंत झाडाची छाटणी करताना ते वापरू नयेत असेच सांगतात.

तेव्हापासून आमच्या घरात असा नियम झाला आहे: काटे फक्त वाळलेल्या अथवा रीतसर परवानगी घेऊन पाडावयाच्या झाडासाठी. शहराच्या हद्दीत झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे चढणाऱ्यानेही मालकास विचारून घ्यावे. मालक कागद दाखविण्याचे टाळू लागला तर दोर गुंडाळून घरी यावे. जिवंत माडासाठी मुलाने आता चढण्याचे यंत्र घेतले आहे. केरळात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने काढलेल्या यंत्राच्या धर्तीचे ते आहे. दोन पायांना दोन चौकटी, प्रत्येकीचा तारेचा दोर खोडास वेढा घालतो; भार पडला की वेढा आवळतो, पाय उचलला की सैल होतो. खोडास भोक पडत नाही. त्यातही पायाच्या वरच्या बाजूस पट्टा घासतोच, म्हणून तेथे आमच्या गादीचा एक लहान भाऊ शिवून दिला आहे.

तेलंगणात सरकारने २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या ताडी काढणाऱ्या बांधवांना ‘काटमय्या रक्षा कवचम्’ या नावाचे सुरक्षा-संच वाटण्यास आरंभ केला. आपल्या कुलदैवताचे नाव त्यास दिले याचा आनंद आहे. नाव देवाचे असले तरी कमरेचा पट्टा ज्याच्या त्याच्या कमरेला बसतो की नाही, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहिले पाहिजे. इकडे आमच्याकडे ताडीच्या नावाखाली पावडरीचे पाणी विकून समाजाच्या तोंडाला काळे फासणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या नडगीवर घट्टा नसतो, एवढेच बोलून तो विषय सोडतो.

गेल्या वर्षी मला प्रश्न विचारणारे ज्येष्ठ गृहस्थ आज समोरच बसले आहेत. मुलगाही आला आहे. त्यास मी आज मुद्दाम अर्धी पँट घालून येण्यास सांगितले होते. त्याने ऐकले नाही, परंतु व्याख्यानानंतर तो ज्यांस पाहावयाचे असेल त्यांस पाय दाखवील. काळानिळा डाग आता राहिलेला नाही. घट्टा किंचित धरू लागला आहे, तेवढा राहणारच.

गादीचा कागदी नमुना मी सोबत आणला आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोणी झाडावर, अथवा अन्य उंचीच्या कामावर, पायास वा कमरेस पट्टा बांधून चढत असेल, त्यांनी येताना त्या माणसाचा पाय सोबत आणावा. मापे चिठ्ठीवर लिहून पाठवू नयेत, कारण नडगीच्या हाडाची कड प्रत्येकाची निराळी असते व ती बोटाने पाहावी लागते. शिवणकाम सौभाग्यवती व आमच्या गल्लीतील दोघी भगिनी करतात. मजुरी घेतली जात नाही. चामड्याचे पैसे मात्र त्या वृद्ध कारागिरांस रोख द्यावे लागतात. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी, धुऊन मऊ झालेली घोंगडी पडून असेल, त्यांनी ती उंदरांच्या स्वाधीन न करता भोजनापूर्वी चिटणिसांच्या टेबलाशी नाव नोंदवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.